जुन्या ‘मसल कार’चा मूळ अल्टरनेटर: ओळखायचा कसा, जिवंत करायचा कसा?

पॉन्टियाक कंपनीने १९६४ च्या मॉडेलसाठी मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचाचं दांडगं व्ही-८ इंजिन बसवलं आणि ‘जीटीओ’ रस्त्यावर आली. अमेरिकेतल्या ‘मसल कार’चं युग तिथून सुरू झालं, असं साधारणपणे मानतात. या गाड्या आता साठीला टेकल्यात. पत्रा ठोकून घेता येतो, रंग नवा मारता येतो, इंजिनही पुन्हा बांधता येतं. घोडं अडतं ते विजेच्या मूळ सामानापाशी. कारखान्यातून गाडीसोबत आलेला अल्टरनेटर असेल, तर जाणकारांच्या नजरेत गाडीचं मोल वेगळंच.

मूळ सामान गेलं कुठे?

ते सगळंच काही गंजून संपलं नाही. बरंचसं अदलाबदलीत गेलं. अमेरिकेत अल्टरनेटर बिघडला की जुना दुकानात द्यायचा आणि दुरुस्त केलेला दुसरा घेऊन यायचा, अशी पद्धत. जुने नग कारखान्यात उघडले जायचे, अनेकांचे भाग एकत्र व्हायचे. एकाचं पुढचं कवच, दुसऱ्याचा रोटर. म्हणूनच वरून मूळ दिसणारा नग आतून खिचडी असू शकतो.

नंबर काय सांगतो?

जनरल मोटर्सच्या गाड्यांना डेल्को-रेमीचं सामान असायचं. त्यांच्या अल्टरनेटरच्या पुढच्या कवचावर भाग क्रमांक, अँपिअर आणि तारखेची खूण ठोकलेली असते. ‘९ सी १२’ अशी खूण असेल तर ९ म्हणजे १९६९ साल, इंग्रजी वर्णमालेतला तिसरा वर्ण सी म्हणजे मार्च आणि १२ ही तारीख. ही तारीख गाडी तयार होण्याच्या काही आठवडे ते दोन-तीन महिने आधीची हवी. एप्रिलमध्ये बनलेल्या गाडीवर जूनचा अल्टरनेटर दिसला, तर तो नंतर बसवलाय हे नक्की.

खोटे ठसे मारणारेही आहेत. ठशाच्या आजूबाजूचं अॅल्युमिनियम घासलेलं वाटलं, आकड्यांची खोली कमी-जास्त दिसली, तर पैसे देण्याआधी थांबावं. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी आणि कार्लाइल इथल्या जुन्या सामानाच्या बाजारांत असा माल हातात घेऊन पाहता येतो. फोटोवरून हे कळणं कठीण.

उघडण्याआधी तपासा

त्या काळातल्या डेल्को अल्टरनेटरचा रेग्युलेटर बहुधा वेगळ्या डबीत असे. ही डबी गाडीच्या पत्र्याला स्क्रूने बसते आणि तिथूनच तिला अर्थिंग मिळतं. गाडी रंगवताना त्या जागेवर रंग बसला की अर्थिंग तुटतं, चार्जिंग बिघडतं आणि दोष मात्र अल्टरनेटरवर येतो. म्हणून आधी स्क्रूखालचा पत्रा चकचकीत करावा.

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. आकडा १२.५ च्या आसपासच अडकला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर सुटलाय, बॅटरी उकळणार. मात्र तपासायचं म्हणून चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढू नये. व्होल्टेज उसळून डायोड जळतात. बॅटरी उलटी जोडली तरी तीच गत.

उघडल्यावर काय बघायचं?

रोटरच्या दोन स्लिप रिंगांमध्ये करंट जायला हवा, पण रिंग आणि शाफ्ट यांच्यात जाता कामा नये. गेला तर वाइंडिंग शॉर्ट आहे. सहाही डायोड एकाच दिशेने करंट सोडतात का, हे मल्टिमीटरवर कळतं. बहुतेक वेळा बिघाड साधाच निघतो: झिजलेले ब्रश, पुढचं बॉल बेअरिंग किंवा मागचं नीडल बेअरिंग. हे बदलले तरी कवच मूळच राहतं. कवच सँडब्लास्ट करू नये, ठसे पुसट होतात.

कडक होऊन तडकलेल्या वायरी मात्र मूळ म्हणून जपू नयेत. त्यांच्यामुळे गाडी पेटू शकते. त्याच रंगाची, त्याच जाडीची नवी वायर घालावी आणि जुने कनेक्टर साफ करून वापरावेत.

आपल्याकडच्या गाड्यांचं काय?

बेळगाव असो की बडोदा, जुनी अॅम्बॅसॅडर किंवा फियाट जपणाऱ्यांनाही हीच शिस्त कामाची आहे. फरक एवढाच, की डायनॅमो असलेल्या गाडीत स्लिप रिंगऐवजी कम्युटेटर असतो आणि डायनॅमो दुरुस्त करून बसवल्यावर त्याला योग्य ध्रुवता द्यावी लागते. गावातल्या रिवाइंडिंगच्या कारागिराला हे ठाऊक असतं. जुना नग भंगारात घालण्याआधी एकदा त्याच्या टेबलावर ठेवावा, आणि सुटे केलेले सगळे भाग परत मागून घ्यावेत.