नॉर्वेचे मठ : आधी बंदी, मग साबण

१८१४ साली नॉर्वेने स्वतःची राज्यघटना लिहिली. त्या काळच्या युरोपात ती चांगली उदारमतवादी समजली जायची. पण तिच्या दुसऱ्याच कलमात तिघांना दार बंद होतं : ज्यू, जेझुइट आणि मठवासी संघ. ज्यूंवरची बंदी १८५१ मध्ये उठली, मठवासीयांवरची १८९७ मध्ये. जेझुइटांना मात्र तब्बल १९५६ पर्यंत थांबावं लागलं. मुंबईत जेझुइट फादरांनी सेंट झेवियर्स कॉलेज काढलं ते १८६९ मध्ये. त्या कॉलेजाने पंच्याऐंशी वर्षं पार केली, तरी नॉर्वेत जेझुइट संघ बेकायदाच होता! युरोपीय मानवी हक्क करारात सामील होताना नॉर्वेला धर्मस्वातंत्र्याच्या कलमाला आपल्या या जेझुइटबंदीचा अपवाद जोडून घ्यावा लागला. पुढे पाचेक वर्षांतच ती बंदीच घटनेतून निघाली.

आणि याच देशात एके काळी सुमारे तीस मठ होते.

बेटांवरचे बिऱ्हाडकरू

नॉर्वेच्या जुन्या मठांचा नकाशा पाहिला तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते : मठवासीयांना बेटांची भारी ओढ. सेल्या, होवेदोया, तौत्रा, उत्स्टाइन, मुंकहोल्मेन ही सगळी ठिकाणं पाण्याने वेढलेली. एकांत तर हवाच, शिवाय त्या काळी नॉर्वेत रस्त्यापेक्षा समुद्राने जाणं सोपं. त्यामुळे बेटावर राहूनही माणूस हमरस्त्यावरच असायचा.

पश्चिम किनाऱ्यावरचं सेल्या हे त्यातल्या सर्वांत जुन्या स्थानांपैकी एक. बेनेडिक्टाइन मठ इथे साधारण ११०० च्या सुमारास आला, पण बेटाची ख्याती त्याआधीची, संत सुन्निवामुळे. आख्यायिका अशी : आयर्लंडची ही राजकन्या नकोशा लग्नातून सुटण्यासाठी सोबत्यांसह होड्यांत बसली. वल्हं नाही, शीड नाही, सुकाणू नाही. लाटांनी नेलं तिथे ती मंडळी पोचली. सेल्याच्या गुहेत त्यांनी मुक्काम केला, तर समोरच्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी तक्रार केली, की हे लोक आमच्या मेंढ्या चोरतात! शस्त्रधारी माणसं चालून आली, सुन्निवाने प्रार्थना केली आणि गुहेवर दरड कोसळली. पुढे तिचा देह अभंग अवस्थेत सापडला, असं परंपरा सांगते. ११७० मध्ये तिचे अवशेष बर्गनला नेण्यात आले. पश्चिम नॉर्वेची ही संत मेंढीचोरीच्या आळातून संतपदाला पोचली, हे मला या कथेतलं सर्वांत माणुसकीचं वाटतं.

सिस्टर्शियन संघाची माणसं मात्र थेट इंग्लंडहून आली. बर्गनजवळचा लिसे मठ ११४६ मध्ये यॉर्कशायरच्या फाउंटन्स मठाने वसवला, तर ओस्लोसमोरचा होवेदोयाचा मठ पुढच्याच वर्षी लिंकनशायरच्या कर्कस्टेडने. आज ओस्लोच्या धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत होवेदोयाला पोचवते. उन्हाळ्यात लोक तिथे पोहायला जातात आणि टॉवेल खांद्यावर टाकून मठाच्या भिंतींमधून हिंडतात. हा मठ १५३२ मध्ये राजकीय भांडणात जाळला गेला. त्याचे दगड मग समोरच्या आकेर्सहुस किल्ल्याच्या कामी आले.

कर्ज फेडायला आलेला इतिहासकार

सगळ्यात रंगतदार प्रकरण ट्रॉन्डहाइमसमोरच्या मुंकहोल्मेन बेटाचं. तिथला बेनेडिक्टाइन मठ तेराव्या शतकात पार कर्जात बुडाला होता आणि सावकार होते लंडनमध्ये. हा गुंता सोडवायला मदत केली इंग्लंडच्या सेंट ऑल्बन्स मठातल्या मॅथ्यू पॅरिसने. हा काही हिशेबनीस नव्हे! मध्ययुगीन इंग्लंडचा इतिहास ज्याच्या बखरीशिवाय लिहिताच येत नाही, तो हा माणूस. स्वतःच्या बखरीत स्वतःच चित्रं काढायचा. फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या राजाला हत्ती भेट दिला, तर याने त्या हत्तीचंही चित्र काढून ठेवलं.

१२४८ मध्ये पोपच्या आज्ञेवरून मॅथ्यू स्वतः नॉर्वेला आला, मठाची घडी नीट बसवायला. बर्गनला उतरला तर शहरात मोठी आग लागलेली. त्यात भर म्हणजे वीज कोसळली, तीही तो ज्या जहाजाने आला त्याच जहाजावर! सुदैवाने तो तेव्हा किनाऱ्यावर होता. कुणी दुसरा असता तर परतीची वाट धरली असती. मॅथ्यूने काम पुरं केलं आणि घरी जाऊन हे सगळं लिहूनही काढलं.

मठ गेल्यावर मुंकहोल्मेनचा किल्ला झाला, मग तुरुंग. डेन्मार्क-नॉर्वेचा एके काळचा सर्वशक्तिमान मंत्री ग्रिफेनफेल्ड याने १६८० ते १६९८ अशी अठरा वर्षं इथे कैदेत काढली. आज तिथे सहलीच्या बोटी लागतात.

१५३७ आणि नंतरची शांतता

१५३६-३७ मध्ये नॉर्वेवरही राज्य करणाऱ्या डेन्मार्कच्या राजाने लूथरपंथ आणला, मठांच्या जमिनी राजाकडे गेल्या आणि खेळ संपला. सर्वांत चांगला टिकला तो स्टाव्हांगरजवळचा उत्स्टाइन. तिथे आता मैफली आणि परिषदा होतात. बाकी बऱ्याच ठिकाणी जोतीच उरली.

ती हरवलेली दुनिया लोकांच्या मनात पुन्हा जिवंत केली सिग्रिड उंडसेटने. तिच्या ‘क्रिस्टिन लाव्रान्सदात्तर’ या कादंबरीत्रयीची नायिका मुलगी असताना ओस्लोच्या नोन्नेसेटर मठात राहते आणि आयुष्याच्या शेवटी राइन मठात येते, ब्लॅक डेथच्या महामारीत. उंडसेट स्वतः १९२४ मध्ये कॅथलिक झाली. चारच वर्षांनी तिला नोबेल मिळालं. लूथरपंथी देशात एका कॅथलिक लेखिकेने मठांची दारं वाचकांसाठी उघडली, याचं मोल मला फार वाटतं.

एक मात्र विसरू नये. बंदी उठण्याच्या कितीतरी आधी, १८६५ मध्येच, सेंट जोसेफ संघाच्या धर्मभगिनी नॉर्वेत आल्या होत्या. त्यांनी रुग्णालयं काढली, शाळा चालवल्या. पुष्कळ नॉर्वेजियनांनी आयुष्यात पाहिलेली पहिली कॅथलिक व्यक्ती म्हणजे उशाशी उभी असलेली एखादी सिस्टर असणार.

आयोवाहून उलटी वाट

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेजियन शेतकरी पोटापाण्यासाठी अमेरिकेच्या मिडवेस्टला गेले. १९९९ मध्ये त्याच मिडवेस्टमधल्या आयोवातून काही ट्रॅपिस्ट, म्हणजे कडक शिस्तीच्या सिस्टर्शियन, धर्मभगिनी उलट दिशेने आल्या आणि तौत्रा बेटावर उतरल्या. इथे १२०७ मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. नव्या मठाची कोनशिला २००३ मध्ये राणी सोन्या यांनी बसवली. ज्या देशाच्या घटनेने मठवासीयांना दार बंद केलं होतं, तिथली राणी!

इमारत पाहण्यासारखी आहे, आणि येन्सेन व स्कोदविन या वास्तुरचनाकारांनी ती तिथल्या दिनक्रमाला धरूनच बांधली आहे. चर्चच्या काचेच्या छपराखाली लाकडी तुळया एकमेकींना छेदत जातात, त्यामुळे भिंतींवर दिवसभर उन्हाची जाळी सरकत राहते. जेवणघरात सगळ्या भगिनी टेबलाच्या एकाच बाजूला बसतात. समोर कुणी नाही, काचेची भिंत आणि पलीकडे ट्रॉन्डहाइमचा फ्योर्ड. ट्रॅपिस्ट जेवताना बोलत नाहीत, मग समोरासमोर बसायचं कशाला? पहिली प्रार्थना भल्या पहाटे, तीही नॉर्वेजियनमध्ये. परदेशातून आलेल्यांना आधी भाषा शिकावी लागते. आणि पोटापाण्याचं? भगिनी साबण बनवतात आणि विकतात. स्वतःच्या हातांच्या कमाईवर जगायचं, हा त्यांच्या संघाचा जुना नियम आहे.

चीज, ध्रुवीय रात्र आणि बिअर

तौत्राच्या ईशान्येला लेवांगरजवळ मुंकेबीला २००९ मध्ये चार मठवासी आले, ते थेट फ्रान्सच्या सितोहून, म्हणजे सिस्टर्शियन संघाच्या मूळ घरातून. सितोने अशी नवी शाखा काढून काही शतकं लोटली होती. जवळच बाराव्या शतकातल्या मठाचे पडके दगड आहेत. या मंडळींनी सोबत आणली चीजची कला, आणि मुंकेबीचं मऊ चीज नॉर्वेत आवडीने खाल्लं जातं.

अजून उत्तरेला जा. ट्रॉमसोचा कार्मेलाइट मठ हा जगातला सर्वांत उत्तरेकडचा कार्मेल. १९९० मध्ये तिथे पोचलेल्या पोलिश धर्मभगिनी आल्या होत्या आइसलँडहून, तेव्हा थंडीची सवय होतीच. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येत नाही. पहाटेची प्रार्थना आणि दुपारची प्रार्थना, दोन्ही दिव्याच्या उजेडात!

उलट दिशेचाही एक प्रवास आहे. एरिक वार्देन हे नॉर्वेचे. इंग्लंडच्या माउंट सेंट बर्नार्ड मठात ते ट्रॅपिस्ट झाले, पुढे मठाधिपती झाले. त्या मठाने दूधदुभत्याचा व्यवसाय बंद केला आणि २०१८ मध्ये ‘टिंट मेडो’ ही बिअर बाजारात आणली, इंग्लंडची पहिली ट्रॅपिस्ट बिअर. मग पोपने वार्देन यांना मायदेशी ट्रॉन्डहाइमला पाठवलं. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचा बिशपपदाचा अभिषेक झाला तो तिथल्या निदारोस कॅथीड्रलमध्ये. हे कॅथीड्रल १५३७ पासून लूथरपंथीयांकडे आहे. त्यांनी ते या दिवसासाठी कॅथलिकांना दिलं.