कोरल टँकसाठी एलईडी लाइट घेताना 'किती वॅट?' हा प्रश्न अपुरा का आहे?

निळ्या उजेडात हिरवे, केशरी, जांभळे चमकणारे कोरल, म्हणजेच प्रवाळ. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर घरगुती रीफ टँकचे असे व्हिडिओ सतत दिसतात. ते पाहून टँक लावायचं ठरवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "दोन फुटांच्या टँकला किती वॅटचा लाइट लागेल?"

टँकमध्ये फक्त मासे असतील तर उत्तर थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. मासा मंद उजेडातही जगतो. प्रवाळाचं तसं नसतं. त्याच्यासाठी उजेड हे जेवण आहे. ते कमी पडलं तर प्रवाळ हळूहळू उपाशी मरतो आणि अचानक जास्त झालं तर काही दिवसांतच पांढरा पडू शकतो. यातलं काय होणार, हे वॅटच्या आकड्यावरून कळत नाही.

प्रवाळाला उजेड कशासाठी लागतो?

प्रवाळ हा दगड नाही आणि वनस्पतीही नाही. तो जेलीफिशच्या नात्यातला प्राणी आहे. पण उथळ, उबदार समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. हे शैवाल उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज यातूनच भागते. बदल्यात शैवालाला राहायला जागा आणि खतासारखी पोषकद्रव्यं मिळतात.

सगळेच प्रवाळ असे नसतात. 'सन कोरल' हे नाव सूर्याचं असलं, तरी त्याच्यात हे शैवाल नसतं. त्याला हातानं खाऊ घालावं लागतं. अंगठीत घालतात ते लाल पोवळंही अंधाऱ्या, खोल पाण्यात वाढणाऱ्या प्रवाळाचं असतं. म्हणजे लाइट निवडण्याआधी प्रवाळ कोणता, हे ठरवावं लागतं.

वॅट आणि लक्स का चालत नाहीत?

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यातून किती उजेड निघतो, तो कोणत्या रंगाचा असतो, किती पसरतो आणि पाण्यातून तळापर्यंत किती पोहोचतो, यातलं काहीच वॅट सांगत नाही. 'लिटरमागे इतके वॅट' हा हिशोब ट्यूबलाइटच्या काळातला आहे. तेव्हा सगळ्या ट्यूब साधारण सारख्याच असत. एलईडीमध्ये चिप, लेन्स आणि रंगांचं मिश्रण बदललं की १०० वॅटचे दोन दिवे पूर्णपणे वेगळे वागतात.

ल्यूमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्याप्रमाणे ठरवलेली आहेत. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा उजेड सर्वांत तेजस्वी वाटतो, निळा मंद वाटतो. रीफ लाइट तर मुख्यतः निळाच असतो. त्यामुळे मोबाइलवरचं लक्स ॲप इथे फसवं ठरतं.

मग मोजायचं काय?

पीएआर. म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे किती प्रकाशकण पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी उघड्यावर हा आकडा २,००० च्या आसपास जातो. टँकमध्ये मात्र त्याच्या जवळपासही जायची गरज नसते. शौकीन लोक साधारणपणे पुढचे आकडे धरून चालतात:

• मशरूम आणि बहुतेक मऊ प्रवाळ: ५० ते १००
• मोठ्या पॉलिपचे दगडी प्रवाळ, उदाहरणार्थ युफिलिया: ७५ ते १५०
• लहान पॉलिपचे दगडी प्रवाळ, उदाहरणार्थ ॲक्रोपोरा: २०० ते ३५०

हे आकडे दिव्याखालचे नाहीत, प्रवाळ जिथे बसवला आहे त्या जागेचे आहेत. एकाच टँकमध्ये वरच्या खडकावर ३०० आणि तळाच्या कोपऱ्यात ६० असू शकतात. म्हणून ॲक्रोपोरा वर आणि मशरूम खाली, अशी मांडणी करतात.

तीव्रतेइतकाच वेळही महत्त्वाचा आहे. २०० पीएआरचा उजेड रोज ८ तास मिळाला तर दिवसभरात प्रति चौरस मीटर साधारण ५.८ मोल प्रकाशकण पडतात. टँकचा लाइट सहसा ८ ते १० तास चालू ठेवतात. रात्री अंधार हवाच.

लाइट निळाच का असतो?

समुद्राचं पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. निळा सर्वांत खोल जातो. प्रवाळातलं शैवाल याच उजेडावर जगायला सरावलेलं आहे. त्यातली रंगद्रव्यं निळा उजेड चांगला शोषतात. म्हणून रीफ लाइटमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या एलईडी जास्त असतात.

निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी रीफ टँकवर २५० ते ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लटकत असत. त्यांनी पाणी तापायचं आणि ते थंड ठेवायला चिलर चालवावा लागायचा.

निळ्या उजेडात प्रवाळ चमकतात, कारण त्यांच्यातली काही प्रथिनं निळा उजेड शोषून हिरवा किंवा केशरी उजेड बाहेर टाकतात. पण ही चमक म्हणजे तब्येतीचा दाखला नाही. स्वस्तातल्या निळ्या पट्टीखालीही प्रवाळ काही दिवस झगमगतो आणि आतून उपाशी असतो. शिवाय अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यावर केशरी फिल्टर लावून काढलेले असतात.

जास्त उजेडानं काय होतं?

नव्या टँकमध्ये ही चूक वारंवार होते. निळा लाइट डोळ्याला मंद वाटतो, म्हणून माणूस तो १०० टक्क्यांवर नेतो. झेपेल त्याहून जास्त उजेड मिळाला की शैवालाची अन्न बनवण्याची यंत्रणा कोलमडते आणि ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाळ शैवालालाच बाहेर टाकतो. मग पारदर्शक कातडीखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रात हेच पाणी तापल्यामुळे होतं आणि प्रखर उन्हानं वाढतं.

कमी उजेडाची लक्षणं उलटी असतात. प्रवाळ तपकिरी पडतो, कारण जास्त उजेड पकडण्यासाठी शैवालाचं प्रमाण वाढतं. काही प्रवाळ दिव्याच्या दिशेनं ताणले जातात आणि वाढ थांबते.

प्रत्यक्षात निवड कशी करायची?

समजा टँक २ फूट लांब, २ फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. पायऱ्या अशा:

१. आधी प्रवाळ ठरवा. फक्त मऊ प्रवाळ असतील तर महागडा लाइट लागत नाही.

२. कंपनीचा पीएआर तक्ता मागा. तो पाण्यात मोजला की हवेत, दिवा किती उंचीवर होता, किती टक्क्यांवर होता आणि कोपऱ्यांचे आकडे दिले आहेत का, हे पाहा. फक्त मधला आकडा दिला असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका.

३. पसरण तपासा. अरुंद लेन्सचा एकच दिवा मध्ये भाजतो आणि कडा अंधारात ठेवतो. प्रवाळाच्या खालच्या फांद्याही सावलीत मरतात. अशा टँकला एका ताकदवान दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे अनेकदा बरे पडतात.

४. निळ्या आणि पांढऱ्या चॅनेलची तीव्रता वेगवेगळी कमी-जास्त करता येईल असाच लाइट घ्या.

५. सुरुवात कमी तीव्रतेवर करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा. नवा प्रवाळ आधी खाली ठेवा, मग वर न्या.

६. शक्य असेल तर पाण्याखाली चालणाऱ्या पीएआर मीटरनं मोजा. मीटर महाग असतो, पण एकदा मोजणं पुरतं. ओळखीच्या शौकिनाकडून तो उसना घेता आला तर उत्तम.

७. दिव्यावर साचणारं मीठ आणि पंख्यातली धूळ नियमित पुसा. टँकच्या वीजजोडणीला आरसीसीबी हवाच. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं.

भारतात कायदा काय सांगतो?

अमेरिका आणि युरोपात टँकमध्ये वाढवलेल्या प्रवाळांचे छोटे तुकडे, म्हणजे 'फ्रॅग', उघडपणे विकले जातात. भारतात चित्र वेगळं आहे. रीफ बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच यादीत, संरक्षण आहे. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. मुंबईत कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ हलवण्यासाठी महापालिकेलाही परवानगी घ्यावी लागली होती. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचंही नियंत्रण आहे.

त्यामुळे भारतात "कागदपत्रांची गरज नाही" म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून लांब राहिलेलं बरं. जिथे हा छंद कायदेशीर आहे, तिथेही खर्चाचा क्रम साधा आहे: आधी प्रवाळाची गरज, मग त्या जागेवरचा पीएआर आणि सर्वांत शेवटी दिव्याचे वॅट. ते वॅट उपयोगी पडतात, पण महिन्याच्या वीजबिलाचा अंदाज बांधायला.