विद्यापीठ पदव्या देते, पुरावे कधी देणार?

'शाश्वत विकास' हा शब्द आज प्रत्येक विद्यापीठाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे. परिसंवाद होतात, शोधनिबंध वाचले जातात, वृक्षारोपणाचे फोटो छापून येतात. पण ज्यांच्या जगण्यामरण्याशी हा शब्द जोडलेला आहे, तो पालघर-बोईसर पट्ट्यातला आदिवासी, मच्छीमार आणि कंत्राटी कामगार त्या सभागृहात कुठेच नसतो. म्हणून सरळ विचारावे लागते, विद्यापीठ नेमके कोणाच्या विकासासाठी आहे?

तारापूर औद्योगिक वसाहतीत हजारावर कारखाने आहेत. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद हे तिथले मुख्य धंदे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले. हा पहिला नंबर अभिमानाचा नव्हे, देशातल्या सर्वात प्रदूषित औद्योगिक पट्ट्याचा होता. सामायिक सांडपाणी केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर असताना त्याहून अधिक सांडपाणी तिथे येत होते आणि शेवटी नवापूरच्या समुद्रात जात होते. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखाने व सांडपाणी केंद्र यांच्यावर मिळून शंभर कोटींहून अधिक भरपाई बसवली. रकमेचा कायदेशीर वाद वेगळा. पण लढायला कोण उभे राहिले, हे लक्षात ठेवले पाहिजे. मासे मारणारा समाज उभा राहिला. विद्यापीठ उभे राहिले नाही.

वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्या माणसांकडे दुःखाची कमतरता नाही, कमतरता आहे ती नोंदीची. विहिरीचे पाणी लाल झाले, जाळ्यात मेलेली मासळी आली, हे गावातले पोरही सांगेल. न्यायालय विचारते, कोणत्या तारखेला? कोणत्या ठिकाणी? पाण्यात काय होते आणि किती होते? कारखानदाराकडे याचे उत्तर छापील असते. त्याच्याकडे प्रयोगशाळा आहे, पगारी सल्लागार आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाचा पर्यावरण परिणाम अहवालसुद्धा प्रकल्पवाल्यानेच नेमलेला सल्लागार तयार करतो. जनसुनावणीत एका बाजूला शेकडो पानांचा अहवाल आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून उभा राहिलेला गावकरी, ही लढाई बरोबरीची कशी होणार? ती बरोबरीची करणे हेच विद्यापीठाचे काम आहे.

यासाठी नवा कायदा नको. एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये ते पुन्हा बजावले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी जो अभ्यासक्रम केला, त्यात क्षेत्रपाहणी होती आणि स्थानिक प्रदूषित ठिकाणाला भेट हा तिचा एक भाग होता. २०२३ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांतही क्षेत्रकार्याला जागा आहे. पण बहुतेक ठिकाणी काय घडते? मागच्या वर्षीची वही पुढच्या वर्षी उतरवली जाते, शिक्का बसतो, गुण मिळतात. देशातल्या सर्वात प्रदूषित पट्ट्याच्या शेजारी बसून विद्यार्थी प्रदूषणाची व्याख्या पाठ करतो!

याच वहीचे काय होऊ शकते ते पाहा. सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवलीच्या ठरावीक विहिरी आणि नवापूर-दांडीचा किनारा येथे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पाणी तपासायचे. रसायनशास्त्र विभागाने तपासणी करावी, भूगोल विभागाने नकाशा करावा, मराठी विभागाने जुन्या मच्छीमारांची साक्ष लिहून घ्यावी, विधी महाविद्यालयाने ती फाईल सुनावणीपर्यंत न्यावी. १९७४ च्या जल अधिनियमाखालील खटल्यात मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच लागतो, विद्यार्थ्याची बाटली त्याची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण अधिकाऱ्याने कुठे आणि केव्हा यावे, हे ती बाटली सांगते. पाच वर्षांची सलग नोंद कोणालाही सहज झटकता येत नाही.

हे अशक्य नाही. मुंबई आयआयटीच्या 'सितारा' केंद्रात विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून खेड्यात राहून काम करावे लागते. २०१६ मध्ये राज्य शासनाने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' काढून तंत्रशिक्षण संस्थांना स्थानिक प्रश्नांशी जोडायचे ठरवले. मग आमच्या महाविद्यालयांना कोण अडवते? कारखानदाराची देणगी अडवते, आणि 'पोरांच्या नोकऱ्या जातील' ही भीती अडवते. ही भीती खोटी नाही. आपलीच मुले त्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात. कारखाना बंद झाला तर आधी त्यांचीच चूल विझते, आणि स्फोट झाला तर आधी तेच मरतात. ११ जानेवारी २०२० च्या तारापूरच्या स्फोटात आठ जीव गेले. म्हणून मागणी कारखाने बंद करण्याची नाही. १९९६ च्या वेल्लोर निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाश्वत विकासाबरोबरच 'प्रदूषण करील तो भरील' हे तत्त्व या देशाचा कायदा मानले. त्याचा अंमल व्हावा, एवढीच मागणी आहे.

या जिल्ह्याने विकासासाठी कमी दिलेले नाही. अणुऊर्जा प्रकल्पासाठी अक्करपट्टी-पोफरण उठले. सूर्या धरणासाठी आदिवासींची जमीन गेली आणि पाणी शहरांकडे व कारखान्यांकडे वळले. या हिशेबाची वही विद्यापीठाने ठेवायची नाही, तर कोणी ठेवायची?

१९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना बाबासाहेबांनी सिनेटवर मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मागितले होते. संशोधनाचा विषय कोण ठरवतो, हा त्याच मागणीचा आजचा अर्थ आहे. आजच्या विद्यापीठ कायद्याच्या उद्दिष्टांतही समता व सामाजिक न्याय हे शब्द आहेत. ते कागदावरून खाली उतरवायचे तर आपल्या पदवीधरांनी आणि विद्यार्थी कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयात जाऊन प्राचार्यांना लेखी विचारावे की, गेल्या पाच वर्षांतल्या क्षेत्रपाहणीच्या वह्या कुठे आहेत आणि त्यांत तारापूर कुठे आहे? सरकारी अनुदान घेणाऱ्या महाविद्यालयाने उत्तर दिले नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहेच.