समुद्र सोडून डोंगरावर

पश्चिमेकडील लोक विश्रांतीसाठीं समुद्रावर जातात. स्कॉटलंडांतील सेंट अँड्रूज हें गांव याचें प्रसिद्ध उदाहरण होय. तेथें समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्यें आखूड गवताची एक वाळूची पट्टी आहे. नांगराला ती निरुपयोगी. पण पावसाचें पाणी तींत चटकन् मुरतें, म्हणून गोल्फच्या खेळास ती फार सोयीची. १५५२ च्या सनदेनें या पट्टीवर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क मान्य झाला, आणि १८५२ सालीं आगगाडी आल्यावर हवापालटासाठीं येणाऱ्या कुटुंबांची तेथें रीघ लागली.

आतां कोणी विचारील, कीं आपल्या महाराष्ट्राला एवढा लांबलचक किनारा असतां असें गांव त्या काळीं येथें कां वसलें नाहीं? खेळ ठाऊक नव्हता असें मुळींच नाहीं. मुंबईस गोल्फचा क्लब १८४२ सालींच निघाला होता. खरें उत्तर हवेंत आहे. वैशाखांत कोंकणकिनाऱ्यावरील वारा इतका दमट असतो, कीं अंगावरचा घाम वाळत नाहीं. आणि घाम वाळल्यावांचून शरीर निवत नाहीं. उलट, डोंगर चढूं लागलें म्हणजे दर हजार मीटरला हवा सुमारें सहा अंशांनीं थंड होत जाते. मायदेशीं जें सुख साहेबास समुद्रावर लाभे, तें येथें सह्याद्रीच्या माथ्यावर सांपडलें. यांतूनच महाबळेश्वरची नवी वस्ती जन्मास आली.

नवी म्हणण्याचें कारण असें, कीं जुनें क्षेत्र महाबळेश्वर तेथें पूर्वींपासून होतेंच. महाबळेश्वराचें व पंचगंगेचें देवालय, कृष्णेचा उगम आणि जवळच प्रतापगड यांमुळें हा मुलुख मराठी मनास परिचित होता. १८२४ सालीं लॉडविक नांवाचा लष्करी अधिकारी हा डोंगर चढून आला व त्यानें येथील हवेची वाखाणणी केली. पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें १८२९ सालीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांजपाशीं करार करून ही जागा घेतली आणि तिच्या मोबदल्यांत वाईकडील खंडाळा हें गांव दिलें. त्याच्याच नांवावरून बाजारपेठेस माल्कमपेठ म्हणूं लागले.

पुढील वाढ भराभर झाली. १८३४ च्या सुमारास चिनी व मलायी कैद्यांसाठीं येथें तुरुंग बांधण्यांत आला. या कैद्यांनीं रस्ते केले, बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या. १८६४ सालीं तुरुंग बंद झाला, तरी मळ्यांची विद्या मागें राहिली. १८४२ सालीं साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनीं वेण्णा तलाव बांधला. १८६४ मध्यें फ्रियर हॉल आणि १८८१ मध्यें क्लब उभा राहिला. उन्हाळ्यांत गव्हर्नराचा मुक्काम असे. मृगाचा पाऊस कोसळूं लागला, कीं सारी वस्ती दारें लावून खालीं उतरे.

साहेब गेला, पण गांव ओस पडलें नाहीं. हिंगोलीचें उदाहरण यासारखेंच आहे. तेथें १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती उठली, तरी कापसाच्या पेठेनें शहर तगलें. हुकुमानें वसलेलें गांव हुकुमानें टिकत नाहीं. त्याला स्वतःचा उद्योग लागतो. महाबळेश्वरास तो बागाइतीनें दिला. येथील स्ट्रॉबेरीला २०१० सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें.

परंतु अशा स्थळाचें आकर्षणच त्याचें संकट होऊं शकतें. सेंट अँड्रूजलाही हें चुकलें नाहीं. गांव कर्जांत बुडाल्यामुळें १७९७ सालीं ती वाळूची पट्टी हातची गेली आणि ससे पाळणाऱ्यांकडे आली. ससे बिळें करीत, खेळणारे चिडत. भांडण कोर्टापर्यंत गेलें. शेवटीं १८९४ च्या कायद्यानें ती जमीन पुन्हां गांवाकडे आली. आजही तेथील सर्वांत जुन्या मैदानावर एरवीं रविवारीं खेळ बंद असतो आणि लोक तेथें खुशाल फिरावयास जातात.

महाबळेश्वरीं प्रश्न याहून गंभीर आहे. कारण येथें मैदान नव्हे, पाणी पणास लागलें आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम या पठारावर मानतात. झाड तोडून बंगला उठला, कीं पावसाचें पाणी मुरावयाचें थांबून वाहूं लागतें. म्हणूनच २००१ सालीं महाबळेश्वर व पांचगणीचा प्रदेश संवेदनशील ठरवून बांधकामावर निर्बंध घातले गेले. हॉटेलवाल्यास हे निर्बंध जाचक वाटतात, आणि त्याचें पोट त्यावर असल्यानें तें समजण्याजोगें आहे. तथापि हिंगोली जिल्ह्यांतील शेतकऱ्यास विचारा. सिद्धेश्वर धरणांत सांठणारें पूर्णेचें पाणी दूर अजिंठ्याच्या डोंगरांतून येतें. डोंगरमाथा नीट राहिला, तरच खालचा मळा पिकतो, हें त्यास सांगावें लागत नाहीं.

तेव्हां पुढच्या सुटींत थंड हवा खाण्यास जाल, तेव्हां इतकें ध्यानांत असूं द्यावें : ती हवा पाहुण्यांची आहेच, पण तें पाणी खोऱ्याखोऱ्यांतील लाखों घरांचें आहे.