टार्निटमधला ‘इंटरव्ह्यू’ म्हणजे जबाब

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या टार्निटच्या मराठी घरांत ‘इंटरव्ह्यू’ म्हटलं की नोकरी आठवते. व्हिक्टोरियाचे पोलीस मात्र संशयिताच्या औपचारिक चौकशीलाही हाच शब्द वापरतात, आणि आपल्याकडच्या ‘जबाबा’हून त्याचं वजन कितीतरी जास्त आहे. भारतात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सहसा पुरावा ठरत नाही. 1872च्या पुरावा कायद्यातली ही तरतूद 2023च्या कायद्यातही टिकली. व्हिक्टोरियात ध्वनिमुद्रित कबुली कोर्टात चालते. म्हणूनच तिथल्या 1958च्या क्राइम्स अ‍ॅक्टनुसार, बोलण्याची सक्ती नाही, पण बोललेलं पुराव्यात येऊ शकतं, हे ताब्यातल्या माणसाला आधी सांगावं लागतं. वकिलाशी संपर्क साधायचा हक्कही त्याला आहे. इंग्रजी पुरेसं येत नसेल, तर दुभाषी येईपर्यंत प्रश्न थांबवावे लागतात. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत ही तरतूद फार मोलाची.

‘काही केलंच नाही, तर गप्प का बसायचं?’ हा आक्षेप स्वाभाविक आहे. पण बावरलेला माणूस प्रश्न ऐकताना ‘हो, हो’ म्हणत राहतो. त्याच्या मनात तो नुसता हुंकार असतो, रेकॉर्डिंगवर मात्र तो होकार ठरू शकतो. उलट, पोलिसांपुढे मौन पाळलं म्हणून आरोपीविरुद्ध निष्कर्ष काढायला व्हिक्टोरियाचा 2008चा पुरावा कायदा मनाई करतो.