घरविक्रीच्या जाहिरातींतील छायाचित्रे : एक विवेचन

पुनर्विक्रीच्या सदनिकेची ग्राहकास पहिली ओळख होते ती जाहिरातीतील छायाचित्रांतून. पुष्कळदा ती मोबाईलवर घाईने टिपलेली असतात. खिडकीच्या दिशेने छायाचित्र घेतल्यास कॅमेरा बाहेरच्या प्रकाशाशी जुळवून घेतो व खोली काळवंडते. वस्तुतः भरपूर उजेडाचे घर कोंदट भासते. यात मालकाचे नुकसान होते, तसेच परगावाहून घर शोधणाऱ्या कुटुंबाचेही.

तथापि अधिक धोका देखण्या छायाचित्रात संभवतो. ३५ मिमी पद्धतीच्या कॅमेऱ्यात ५० मिमीचे भिंग आडवे सुमारे ४० अंशांचे दृश्य टिपते, तर १६ मिमीचे सुमारे ९७ अंशांचे. परिणामी समोरची भिंत दूर सरकल्यासारखी दिसते आणि लहानशी खोली दिवाणखाना वाटू लागते. त्या मानाने पसाऱ्याचे छायाचित्र प्रामाणिकच म्हणावे लागेल. त्यातील लोखंडी कपाटावरून खोलीच्या आकाराचा निदान अंदाज तरी येतो.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ अन्वये जाहिरातीतील खोट्या विधानामुळे झालेल्या हानीची भरपाई प्रवर्तकाने द्यावयाची असते. पुनर्विक्री करणारा मालक मात्र प्रवर्तक नसतो. अशा व्यवहारात चटईक्षेत्राचा आकडा व खोल्यांची मापे लेखी मागून घ्यावीत. प्रत्यक्ष पाहणीत ती पडताळल्याखेरीज इसार देऊ नये.