हिवाळ्यांतील वाटचाल आणि वाहनाचा विमा

दिवाळी सरली, कापसाची पहिली वेचणी घरीं आली आणि मार्गशीर्षाची थंडी अंगास झोंबूं लागली, कीं आमच्या किनवट तालुक्यांतील रस्त्यांवर वर्षांतील सर्वांत मोठी वर्दळ सुरू होते. कोणी कापूस भरून किनवटच्या, भोकरच्या वा सीमेपलीकडील आदिलाबादच्या बाजाराची वाट धरतो. कोणी सोयाबीनचीं पोतीं अडत्याकडे नेतो. कोणी हरभऱ्यास पाणी देण्यासाठीं रात्रींच मोटारसायकलीवरून शेतास जातो. आणि दत्तजयंतीच्या सुमारास माहूरच्या शिखराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्यांची त्यांत भर पडते. नेमका हाच काळ धुक्याचा, लहान दिवसांचा आणि अपुऱ्या झोपेचा. पिकाची राखण करण्यांत आपण शेतकरी कोणास हार जात नाहीं. परंतु तें पीक बाजारीं पोंचविणारें वाहन, तें हांकणारा माणूस आणि वाटेंत भेटणारा परका जीव यांची राखण आपण तितक्याच दक्षतेनें करतों काय, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारण्यासारखा आहे.

गेल्या पौषांतील एका पहांटे आम्ही बोधडीकडून किनवटास येत होतों. धुकें इतकें दाट, कीं रस्त्याच्या कडेचीं सागाचीं झाडेंही दिसेनाशीं झालीं होतीं. एका वळणावर आमच्या पुढें चाललेला मोटारसायकलस्वार तरुण एकाएकीं आडवा होऊन थांबला. त्याच्यापुढें हातभर अंतरावर कापसानें भरलेली एक ट्रॉली भर रस्त्यांत उभी होती. चाक फुटलें म्हणून ट्रॅक्टरवाला खालीं उतरलेला. मागें दिवा नाहीं, तांबडी पट्टी नाहीं, इशारा म्हणून कडेस ठेवलेले दोन दगड काय ते! तरुण वांचला तो केवळ सावकाश चालला होता म्हणून. चाक बदलून होईतों आम्ही तेथें थांबलों आणि बोलतां बोलतां ट्रॅक्टरच्या विम्याची चौकशी केली. ट्रॅक्टरवाला ओशाळून म्हणाला, "बँक फिटली तवापासून कागद काढूनच बगितला नाही, भाऊ." त्या गृहस्थाची सारी जमीन चार एकर. तो तरुण त्या सकाळीं दगावता, तर एका घरचा मुलगा गेला असता आणि दुसऱ्या घरची जमीन. प्रस्तुत लेख लिहिण्याचें कारण हेंच.

प्रथम धुक्याविषयीं. हिवाळ्यांत आकाश निरभ्र असतें. त्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें वर सोडून देते व जमिनीलगतची हवा थंड होते. पैनगंगेचें खोरें, नाले, तलाव आणि ओलित केलेलीं शेतें यांच्यावरील हवेंत ओलावा अधिक असल्यामुळें तो गारठून सूक्ष्म थेंबांच्या रूपानें तरंगूं लागतो. म्हणून सखल भागांत, पुलांपाशीं व नाल्यांच्या उतारांवर धुकें सर्वांत दाट असतें; पहांटे तें शिगेस पोंचतें व सूर्य वर आल्यावर विरतें. यावरून पहिला नियम आपोआप निघतो: बाजारास जाण्याची फारच निकड नसेल, तर तासभर उशिरां निघावें. कापसाचा भाव तासाभरांत पडत नाहीं.

निघणें भागच असेल, तर दिव्याचा मोठा झोत लावूं नये. तो थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि पुढें पांढऱ्या भिंतीवांचून कांहीं दिसत नाहीं. झोत खालीं ठेवावा, रस्त्याची डावी कडा धरून चालावें. वेगाचा हिशेब प्रत्येकानें एकदां तरी करून पाहावा. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत ११ मीटर पुढें जातें. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारें दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच सोळा-सतरा मीटर अंतर संपलेलें असतें. पुढील वीस मीटरच दिसत असतील, तर अशा वेळीं ४० चा वेग हा आंधळ्याचा वेग होय. जितकें दिसतें तितक्यांत थांबतां येईल, एवढाच वेग खरा.

प्रत्येक देशास आपापला हिवाळा असतो. स्वीडनसारख्या हिमप्रदेशांत रस्त्यावर बर्फ असतां १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळांत हिवाळी टायर लावणें मोटारींस कायद्यानें सक्तीचें आहे. आपल्याकडे बर्फ नाहीं म्हणून आपला हिवाळा निर्धोक ठरत नाहीं. तेथें चाक घसरतें, येथें दृष्टि हरते. शिवाय किनवटच्या जंगलपट्ट्यांत रोही व रानडुकरें रात्रीं बेधडक रस्त्यावर येतात. एक जनावर ओलांडून गेलें, तर त्याच्यामागें दुसरें असणारच, असें धरून चालावें.

आतां ट्रॅक्टर व ट्रॉली यांविषयीं. ट्रॅक्टरच्या उजव्या व डाव्या चाकांस निरनिराळे ब्रेक असतात. शेतांत तास वळवितांना ही सोय उपयोगी पडते. परंतु रस्त्यावर एकच पेडल दाबलें गेलें, तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. म्हणून शेताबाहेर पडतांच दोन्ही पेडलें खिटीनें एकत्र जोडावीं. घाटाच्या उतारावर डिझेल वांचविण्याकरितां गिअर काढून गाडी सोडण्याची खोड अनेकांस आहे. भरलेल्या ट्रॉलीस बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो व ती मागून ट्रॅक्टरला ढकलते, हें त्यांनीं विसरूं नये. ज्या गिअरमध्यें चढ चढावयाचा त्याच गिअरमध्यें उतार उतरावा. कापूस दोन्ही बाजूंस लोंबेल असा भरल्यास मागचे दिवे झांकले जातात. म्हणून ट्रॉलीच्या मागें तांबडी, बाजूंस पिवळी व पुढें पांढरी चकाकणारी पट्टी लावावी व ती कापसाखालीं दडत नाहीं हें पाहावें. कापसाच्या गाडीवर विडी पेटवूं नये. थंडींत इंजिन चालू होत नाहीं म्हणून त्याखालीं जाळ करणें हाही आत्मघातच. आणि गळ्यांतील मफलरीचें अथवा शालीचें टोंक फिरत्या दांड्यांत अडकून माणूस ओढला जातो. यंत्राजवळ जातांना तें आंत खोंचून घ्यावें.

बैलगाडीवाल्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं आपल्या वडिलांच्या गाडीखालीं झुलणारा कंदील हा शोभेसाठीं नव्हता. आज कंदील नको असेल, तर मागच्या फळीस तांबडी चकाकती पट्टी व पुढें बॅटरी असूं द्यावी. तिचा खर्च बैलाच्या एका दिवसाच्या पेंडीहून फारसा अधिक नाहीं.

याहून गंभीर गोष्ट मजुरांच्या वाहतुकीची. ४ एप्रिल २०२५ रोजीं नांदेड जिल्ह्यांतील आलेगांव शिवारांत ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत कोसळून, हिंगोली जिल्ह्यांतील वसमत तालुक्याच्या गुंज गांवच्या सात मजूर स्त्रिया प्राणास मुकल्या. ज्यांच्या हातांवर आपली वेचणी व काढणी चालते, त्यांस आपण पोत्यांप्रमाणें ट्रॉलींत भरतों, हें कबूल करण्यास आपल्याला लाज वाटली पाहिजे. ट्रॉली मालासाठीं आहे. ट्रॅक्टरवर बैठक एक, आणि ती चालकाची. चाकावरील पत्रा ही बसण्याची जागा नव्हे.

येथेंच विम्याचा विषय येऊन भिडतो. ब्रिटिश हिंदुस्थानांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें त्रयस्थाच्या हानीचा विमा सक्तीचा ठरविला व तें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. त्या वेळीं आपला किनवट तालुका हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो नांदेडकडे आला. सध्यां १९८८ चा कायदा लागू असून त्याच्या १४६ व्या कलमानें असा विमा नसलेलें वाहन सार्वजनिक जागीं चालविणें हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, आणि पुन्हां घडल्यास चार हजार रुपये दंड किंवा तितकीच कैद अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. परंतु दंडाची भीति किरकोळ होय. खरें भय तें पुढील. अपघातांत परका माणूस दगावला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती विमा असल्यास कंपनी देते. नसल्यास ती मालकाच्या घरांतून, गोठ्यांतून आणि सातबाऱ्यावरून वसूल होते.

विमा दोन प्रकारचा असतो. त्रयस्थाचा विमा परक्याची हानि भरून देतो; आपला ट्रॅक्टर मोडला तर त्यांतून पैसाही मिळत नाहीं. व्यापक विम्यांत दोन्ही येतात. म्हणून नव्या वा कर्जाच्या वाहनास तोच घ्यावा. मालक-चालकाचा १५ लक्ष रुपयांचा व्यक्तिगत अपघात विमाही यासोबत मिळतो. मात्र मालकाजवळ स्वतःचा चालू परवाना पाहिजे. मोटारसायकलवाल्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर त्रयस्थाचा पांच वर्षांचा विमा येतो, तो संपल्याची आठवण करून देण्यास कोणी घरीं येत नाहीं. ट्रॅक्टरचें कर्ज असेतों बँक विम्याकडे लक्ष देते; कर्ज फिटतांच तें लक्षही फिटतें. आणि जुनें वाहन विकत घेतल्यास चौदा दिवसांच्या आंत विमा कंपनीस कळवून तो आपल्या नांवें करून घ्यावा.

विमा असूनही तो पदरीं न पडण्याचीं कारणें बहुधा आपणच निर्माण करतों. ट्रॉली हें कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र वाहन आहे. विमापत्रांत तिची नोंद नसेल, तर ट्रॅक्टरचा विमा तिला पुरत नाहीं. शेतीसाठीं विमा उतरविलेला ट्रॅक्टर भाड्यानें विटा, वाळू वा माती वाहण्यास लावला, कीं अट मोडते. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असाच एक खटला आला होता. शेतीकरितां विमा उतरविलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली वीटभट्टीच्या मातीसाठीं नेली असतां एक मजूर जबर जखमी झाला. ट्रॉलीचा विमा नव्हता, काम शेतीचें नव्हतें. कंपनी जबाबदार नाहीं, असा निर्णय झाला. मजुराच्या गरिबीकडे पाहून न्यायालयानें कंपनीस आधीं रक्कम देण्यास सांगितलें खरें, परंतु ती मालकाकडून वसूल करण्याची मुभाही दिली. मजुरास न्याय मिळाला. भार मालकावरच राहिला. चालकाजवळ योग्य परवाना नसणें किंवा तो मद्य प्यालेला असणें यांचाही शेवट असाच होतो.

अपघात घडलाच, तर पळून जाऊं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, जखमीस दवाखान्यांत पोंचवावें, पोलिसांस व विमा कंपनीस विनाविलंब कळवावें. मदत करणाऱ्या त्रयस्थास कायद्याच्या १३४-अ कलमानें संरक्षण दिलें आहे. म्हणून वाटसरूनेंही भिऊन दूर राहूं नये. मे २०२५ मध्यें केंद्र सरकारनें जाहीर केलेल्या योजनेनुसार रस्त्यावरील अपघातांत सांपडलेल्यास नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लक्ष रुपयांचे उपचार रोख पैसे न भरतां मिळतात. ठोकर देणारें वाहन सांपडलेंच नाहीं, तर मृताच्या वारसांस दोन लक्ष व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. न्यायाधिकरणाकडील अर्ज सहा महिन्यांच्या आंत करावा. दुःखांत दिवस जातात आणि मुदतही जाते.

ज्यांच्याजवळ वाहन नाहीं, त्यांनींही आपल्या जिवाचें मोल ओळखावें. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत वर्षास वीस रुपये भरून १८ ते ७० वर्षांच्या खातेदारास अपघाती मृत्यूपोटीं दोन लक्ष रुपयांचें संरक्षण मिळतें. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नांवची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून चालू असून तीत हप्ताही भरावा लागत नाहीं. अपघातानंतर तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कार्यालयांत वेळीं अर्ज करणें एवढेंच वारसांच्या हातीं असतें. आपल्या तालुक्यांतील गोंड, कोलाम, आंध व बंजारा बांधवांच्या पाड्यातांड्यांवर ही माहिती पोंचविणें हें संघाच्या सभासदांचें कर्तव्य होय.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक वही घालावी. तींत गांवांतील प्रत्येक ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटारसायकल व तिच्या विम्याची अखेरची तारीख लिहावी आणि दसऱ्यास शस्त्रपूजा होते त्याच दिवशीं ती वही मोठ्यानें वाचावी. त्याच दिवशीं चकाकत्या पट्टीचें एक भेंडोळें सामाईक खर्चानें आणून प्रत्येक गाडीस लावावी. नांगराची, ट्रॅक्टरची पूजा करून त्यांस फूल वाहणारा शेतकरी त्यांस एक तांबडी पट्टी वाहूं शकत नाहीं काय? बोधडीच्या वाटेवरील तो ट्रॅक्टरवाला दुसऱ्याच आठवड्यांत विमापत्र घेऊन आम्हांस दाखवावयास आला होता. ट्रॉलीची नोंद त्यांत आहे कीं नाहीं, हें आम्ही प्रथम पाहिलें. नव्हती. तो तसाच परत गेला आणि ती करून आला. वाचकांनींही आजच आपापला कागद काढून पाहावा, एवढीच विनंति.